हळदी-कुंकवात झालेली निवड

“नाही म्हणाली असतीस तर जीभ झडली असती का गं तुझी?” श्रेया म्हणाली.

“हळू बोल. पलीकडे मालन भिंतीला कान लावून बसली असेल.” शैलानं कुकरचं झाकण उगाचच काढून पुन्हा लावलं. “आणि मला काय आधी स्वप्न पडलं होतं, माझंच नाव घेतील म्हणून?”

“आधीचं सोड. नाव घेतल्यावर तर जागी होतीस ना? तेव्हा म्हणायचंस, वैशालीमावशी इथे नाहीये, तिच्याशिवाय कसली निवड करताय?”

“तू नव्हतीस तिथं. खोलीभर बाया एकदम बोलत होत्या. माझं कोण ऐकणार होतं?”

“प्रतिनिधी म्हणून तुलाच निवडलं ना? मग तुझं नाही ऐकणार तर कुणाचं?”

शैलानं गॅस मोठा केला. पोरगी परळच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायला लागल्यापासून घरातही सुई नेमकी शिरेवर टोचायला शिकली होती.

“दोघी गप्प बसा जरा.” दत्ताराम पलंगाच्या कडेवर बसून पायमोजे सोलत होता. हवालदार दत्ताराम घाडी. रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबडे. “माणूस ड्युटी करून घरी येतो, तर इथेपण बंदोबस्त! अगं श्रेया, तुझी आई अख्ख्या लाइनीची पुढारी झाली. पेढे वाटायचे सोडून भांडतेस काय?”

“पुढारी नाही, प्रतिनिधी,” शैला म्हणाली. म्हणताना स्वतःचा आवाज तिला थोडा फुगलेला ऐकू आला आणि ती लगेच मान खाली घालून कोथिंबीर निवडू लागली.

“शैला, चाय मिळात काय आज, का प्रतिनिधीक इचारूक होया?” खाटेवरून भाऊंनी विचारलं. भाऊ म्हणजे तिचे सासरे, राजाराम घाडी. उमेदीची सगळी वर्षं लालबागच्या गिरणीत गेली, पण मालवणी काही जिभेवरून गेली नाही.

श्रेयानं डबा पिशवीत टाकला, चपला घातल्या आणि दारातून परत वळली. “एक सांगू? दादरला वाण आणायला मी तुझ्याबरोबर होते. दुकानदारानं विचारलं किती चाळण्या, तर तू बोटांवर आपल्या लाइनीतली दारं मोजलीस. वैशालीमावशीचं दार आलं आणि तू बोट उचलून पुढच्यावर ठेवलंस. मी बघत होते. आता म्हणू नकोस की ध्यानातच आलं नाही.”

ती गेली. दत्तारामनं अंगावर चादर ओढली. शैला कोथिंबिरीच्या जुडीकडे बघत बसली. पोरीनं एकच बोट पाहिलं होतं. उचललेली बोटं दोन होती.

*

पोलिसाला युनियन करता येत नाही, हे पोलीस लाइनीतल्या पोरांनासुद्धा पाढ्यांसारखं पाठ असतं. झाडूवाल्याची युनियन असते, बस कंडक्टरची असते, बँकेतल्या साहेबाचीसुद्धा असते. खाकी अंगावर चढली की ते दार बंद. आठ तासांची ड्युटी म्हणतात, पण सण आला, सभा आली, कुणी मोठा माणूस आला की आठाचे बारा नि बाराचे सोळा होतात. साप्ताहिक सुट्टी आदल्या रात्री फोनवरून रद्द होते. आणि ‘का’ असं विचारायला पुरुषांना तोंड नाही.

परळच्या या लाइनीत हे सगळं वर्षानुवर्षं असंच चाललं असतं. पण गेल्या गणपतीत तळमजल्यावरचा अवधूत शिंगरे गेला. घरी दोन तास येऊन अंघोळ करून पुन्हा बंदोबस्ताला उभा राहिला होता. लालबागच्या गर्दीत बॅरिकेडला टेकला, तो टेकलेलाच हळूहळू खाली बसला. शेजारच्या शिपायाला वाटलं, दमला असेल. अवधूतची बायको कमल, मुलगी रुपाली बारावीला. दिवसकार्य होतं न होतं तोच क्वार्टर कधी सोडणार अशी विचारणा सुरू झाली.

त्या दिवसांत वैशाली सकपाळ उठली. वैशाली म्हणजे समोरच्या इमारतीतल्या राजरत्नची बायको. लाइनीतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची. खालच्या मैदानात बायकांना गोळा करून ती म्हणाली, “बंदी पोलिसाला आहे. पोलिसाच्या बायकोला नाही. ते बोलू शकत नाहीत तर आपण बोलू.”

इतकं सोपं होतं ते, पण तोवर कुणाला सुचलं नव्हतं. वैशालीनं अर्ज केले, वरच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, दोनदा बाहेरच्या बाकावरून परत आली, तिसऱ्यांदा आत जाऊन बोलून आली. एका पक्षाच्या ताई गाडी घेऊन आल्या, म्हणाल्या, तुमच्या वतीनं मी बोलते. बायकांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. आपलं दुखणं आपल्यातलीच सांगेल, हे तेव्हाच ठरलं. शेवटी मोठ्या साहेबांनी भेट द्यायचं कबूल केलं. अट एकच: झुंडीनं यायचं नाही, एकजण निवडा, तिलाच पाठवा. सोमवारी.

आता एकजण निवडायची तर सगळ्यांनी एकत्र बसायला हवं. पण मैदानातल्या त्या पहिल्या बैठकीनंतर पुरुषांना ठाण्यावर हळूच सांगण्यात आलं होतं, बायकांना आवरा. लेखी काही नाही. एकाची सुट्टी गेली, एकाला दुपारच्या उन्हात नाक्यावर उभं केलं, एवढंच. त्यामुळे मैदानात बसायला कुणी तयार होईना.

तेव्हा शैला बोलली होती. खालच्या गेटपाशी भाजीवाल्याच्या गाडीभोवती बायका उभ्या होत्या. तिच्या तोंडून सहज निघून गेलं, “अगं, संक्रांत झालीये. हळदी-कुंकू करू माझ्याकडे. हळदी-कुंकवाला कोण अडवतंय?”

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या, मग हसल्या, मग मालननं तिच्या पाठीवर धपाटा घातला. “शैले, काय डोकं गं तुझं! साहेबाच्या बापाला कळणार नाही.”

हे शैलाच्या आयुष्यात नवीन होतं. गिरगावातल्या चाळीत चार बहिणींत ती तिसरी. तिथं तिचं मत कुणी विचारलं नाही, लग्न होऊन इथे आली तेव्हाही विचारलं नाही. विचारलंच तर, मीठ बरोबर आहे का बघ गं, एवढंच. लाइनीत तिला ओळखत ते तिच्या शिलाई मशीनमुळे. कुणाला बढती मिळाली की बाहीवर फीत लावायला, नावाची पट्टी शिवायला, आणि बहुतेकदा पँटी कंबरेला उसवून सैल करायला सगळे तिच्याकडे येत. उभ्या उभ्या वडापाव खाणाऱ्या पुरुषांच्या कंबरा तिच्याच हाताखाली वाढल्या होत्या. शिवता शिवता ती ऐकायची भरपूर, बोलायची कमी. म्हणून सगळ्या तिला गुणी म्हणायच्या. आणि आता डोकं आहे म्हणाल्या होत्या. त्या दिवशी भाजी घेऊन वर येताना ती तीन मजले चढली, पण धाप लागली नाही.

वैशालीकडे हळदी-कुंकू नसतं, हे काय शैलाला माहीत नव्हतं? वैशालीच्या घरात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो. मुलांना शाळेत सोडायला दोघी कितीतरी वर्षं बरोबर गेल्या होत्या. आणि कमलचं काय, ते तर सांगायलाच नको. आजकाल काहीजणी बोलावतात विधवांना. कुंकू लावत नाहीत, फूल देतात, वाण देतात. शैलालाही ते पटायचं. टीव्हीवर असं काही दाखवलं की तिचे डोळे भरून यायचे. पण दादरच्या दुकानात बोटं मोजताना मनात आलं, पहिल्यांदाच आपल्याकडे अख्खी लाइन येणार. कुणीतरी नाक मुरडेल, कुणीतरी उठून जाईल, उगाच रंगाचा बेरंग. बोट उचललं गेलं. हात जणू स्वतःच शहाणा झाला होता.

*

ती संध्याकाळ फार छान झाली होती. हेच तर शैलाला खात होतं.

पलंग बाहेर काढून सतरंज्या घातल्या होत्या. भाऊंना मालनच्या घरी बसवलं होतं. बायका काळ्या साड्या नेसून, गजरे माळून आल्या. अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ, हातात प्लास्टिकच्या चाळण्या. हसणं असं की खालचा वॉचमन वर बघत होता. मग दार लोटून घेतलं आणि मालन म्हणाली, “चला, आता कामाचं बोला.”

एकजण म्हणाली, “वैशाली कुठाय?”

“तिच्यात नसतं हे.”

“मग निरोप द्यायचा ना, नुसतं मत द्यायला ये म्हणून.”

“आता कुठे जिने उतरतेस? बसलोय तर उरकून टाकू,” मालन म्हणाली. “आणि खरं सांगू? वैशाली हुशार आहे, मान्य. पण ती साहेबापुढे कायदा काढते. साहेब चिडला तर बदली तिच्या एकटीच्या नवऱ्याची होणारे का? आपल्या सगळ्यांच्या होतील. बोलायला गोड माणूस हवा. मी म्हणते, आपली शैला. उगाच कुणाच्या अंगावर जायची नाही.”

“आणि ते कमलच्या घराचं?” कुणीतरी कोपऱ्यातून विचारलं.

“ते आत्ता नको. ड्युटीचं आणि सुट्टीचं बोलायचं. क्वार्टरचं काढलं की साहेब म्हणतील, नियम आहे, आणि उठून जातील. आधी सगळ्यांचं होऊ दे, मग तिचं बघू.”

“बरोबर आहे,” असा एक गुणगुणाट झाला. कुणी मान हलवली, कुणी तिळाच्या लाडवाचा तुकडा तोडला.

शैला तेव्हा उंबऱ्यात होती. उशिरा येणाऱ्या एकीसाठी तिनं दार किलकिलं केलं होतं, हातात कुंकवाचा करंडा. आणि जिन्याच्या वळणावर कमल उभी होती.

केस नीट विंचरलेले, धुतलेली निळी साडी. बैठक आहे एवढंच तिच्या कानावर आलं असणार. तिनं दाराबाहेरचा चपलांचा ढीग पाहिला, आतल्या तबकाची कड पाहिली, आणि मग शैलाच्या हातातला करंडा. तिचा चेहरा फारसा बदलला नाही. जिन्याच्या कठड्यावरचा हात तेवढा सरकून एक पायरी खाली गेला.

‘ये’ म्हणायचं होतं. ‘ये गं कमल’ एवढंच. तीन शब्दांना काय वेळ लागतो?

“शैले, अगं तुझं नाव घेतोय आणि तू दारात काय करतेस?” आतून मालननं हाक मारली, आणि शैला वळली. सुटल्यासारखी वळली. पाठीमागे चपला खाली उतरत गेल्या, हलकेच, कुणाला ऐकू जाऊ नये अशा. आत बायकांनी टाळ्या वाजवल्या.

श्रेयाला हे माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

*

दत्ताराम घोरायला लागल्यावर शैलानं तिळगुळाचा डबा भरला आणि समोरच्या इमारतीत गेली. वैशालीकडे सकाळच्या शिकवणीची मुलं अजून बसली होती. भागाकाराचा धडा चालला होता.

“या या, प्रतिनिधी बाई!” वैशालीनं खुर्ची पुढे केली. “अरे, काकींना पाणी आणा. आता मोठ्या साहेबांना भेटणारेत त्या.”

“चिडवू नकोस गं.”

“चिडवत नाही हो. मानानं म्हणतेय.” तिनं डबा उघडून एक लाडू तोंडात टाकला. “छान झालेत. चिकीचा गूळ?”

“वैशाली, राग आला असेल तुला.”

“कशाचा? हळदी-कुंकवाला नाही बोलावलंत त्याचा? शैलाताई, मी आलेच नसते. आमच्यात नसतं, तुम्हालाही माहीत, मलाही माहीत. त्यात राग कसला?” वैशालीनं हात झटकले. “पण मत द्यायचंय असा निरोप आला असता, तर दाराबाहेर उभी राहून दिलं असतं. मत देण्याआधी कुंकू लावून घ्यावं लागतं, हे मला नवीनच कळलं.”

मुलं वर बघायला लागली. वैशालीनं एकाच्या वहीवर टिचकी मारली. “तू शून्य कुठे विसरलास ते बघ.”

“माझ्या ध्यानातच आलं नाही गं,” शैला म्हणाली.

वैशालीनं तिच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाली, “बरं.”

ती भांडली असती तर बरं झालं असतं. चार शब्द सुनावले असते, तर शैलानंही चार ऐकवले असते. मग दोघी रडल्या असत्या आणि मिटलं असतं. त्या ‘बरं’पुढे काही करता येईना.

“साहेबांना काय काय सांगणार आहात?” वैशालीनं विचारलं.

“हेच. ड्युटीचं. सुट्टी ऐनवेळी रद्द करतात त्याचं.”

“आणि कमलताईंच्या घराचं?”

शैलानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “ते आत्ता नको, असं सगळ्यांचं मत पडलं. साहेब चिडतील म्हणून. मालन म्हणाली...”

“हेही तिथंच ठरलं?”

“हो.”

वैशालीनं फळ्यावरचं गणित पुसलं, नवं मांडलं, आणि मागे न वळता म्हणाली, “तिच्या नवऱ्याच्या जिवावर तर ही भेट मिळाली, शैलाताई. मी त्या कचेरीत दरवेळी अवधूतचंच नाव घेऊन आत गेले. दुसऱ्या कुठल्या नावानं दार उघडलं नसतं.” मग आवाज सारखा करून, “डबा राहू दे, नंतर पाठवते. चला रे, पुढचं घ्या.”

शैला जिना उतरली. ऊन चढलं होतं. खाली आली तर गेटपाशी कमल. हातात मेथीची जुडी, भाजीवाल्याशी घासाघीस चाललेली. शैलाच्या मनात आलं, परत वर जावं. पण कमलनं पाहिलं होतं.

“वहिनी!” कमल हसून पुढे आली. “अभिनंदन हां. मालननं सांगितलं मला. फार बरं वाटलं. तुमचा स्वभाव शांत, साहेबपण ऐकून घेतील.”

“कमल, त्या दिवशी...”

“त्या दिवशी मी नव्हतेच ना घरी,” कमल घाईनं म्हणाली. “शीवला गेले होते बहिणीकडे. सकाळीच गेले, यायला रात्र झाली. नाहीतर आले असते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका काही.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कमलच्या अंगावर तीच निळी साडी होती. तिनं नजर चुकवली नाही, हसू तसंच ठेवलं. शैलाच्या लक्षात आलं की ही बाई माझी लाज झाकतेय. कुणी पाहू नये म्हणून तिच्यावर पदर घालावा तसं खोटं बोलतेय. जिन्यातून परत जिला जावं लागलं तीच आता मला सांभाळून घेतेय.

“घराचं तेवढं बोला, वहिनी,” कमल म्हणाली. “कायमचं नको. रुपालीची बारावी होऊ दे, मग कुठेही जाऊ. तुम्ही बोलणार म्हटल्यावर काल मला झोप लागली. किती दिवसांनी लागली.” तिनं मेथीची अर्धी जुडी काढून शैलाच्या हातात कोंबली. “घ्या, दोघींना खूप होते.”

नाही म्हणायचं शैलाला तेव्हाही जमलं नाही. ती मेथी घेऊन वर आली आणि ओट्याशी उभी राहून निवडायला लागली. पानं निवडता निवडता देठं भांड्यात पडत होती आणि पानं कचऱ्यात, हे बराच वेळ तिला कळलंच नाही.

*

संध्याकाळी दत्ताराम उठला तो खुशीत. दाढी करताना शीळ घालत होता. श्रेया कामावरून आली होती, आईशी न बोलता पाय धुऊन बसली होती. भाऊ खाटेवर, पाठीला उशी.

“तुला सांगायचं राहिलंच,” दत्ताराम आरशातून शैलाला म्हणाला. “काल सीनियर साहेब स्वतः माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, घाडी, तुमच्या मिसेसचं नाव आलंय म्हणे? बरं झालं. समजूतदार माणूस समोर असला की विषय वाढत नाही. खांद्यावर हात ठेवला यार! इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. बहुतेक माझी आठवड्याची सुट्टीपण या वेळी रद्द व्हायची नाही.”

“साहेबांना कसं कळलं माझं नाव?” शैलानं विचारलं. “दार तर लोटलेलं होतं.”

“कळतं गं. चार बायका तिथं काय कळत नाही?” तो हसला. “मीच बोललो असेन सहज. लपवण्यासारखं काय आहे?”

श्रेयानं मान वर केली.

“म्हणजे साहेबांका पसंत पडला नाव,” भाऊ म्हणाले.

“एकदम पसंत, भाऊ.”

“आमच्या गिरणीत पण असोच एक होतो. आमच्या वतीनं बोलाक. सायबांका भारी आवडायचो तो.” भाऊंनी पाय लांब केले. “आमी त्येका निवडलेलो नाय, पन कागदावर आमचोच. कायम गोड बोलायचो. दर दिवाळीक त्येच्या घराक मिठाईचो पुडो जायचो, आनि आमका तो सांगायचो, जरा दम धरा.”

“भाऊ, कुठे ती गिरणी आणि कुठे ही घरातली बाई!” दत्ताराम साबण पुसत म्हणाला. “शैला, सोमवारी ती मोरपिशी साडी नेस. आणि आत गेल्यावर आधी नमस्कार कर, बाकीच्यांसारखं धाडकन विषयाला हात घालू नकोस. पहिलं म्हण, साहेब, तुमचे उपकार आहेत.”

शैलानं ताटं मांडली. मेथीची भाजी वाढली. भाकरीवर तुपाचा हात फिरवला. आज दिवसभर तिला स्वतःच्या हातांकडे बघवत नव्हतं. वाण मोजणारे हे हात. करंडा धरून दारात थांबलेले हे. दुसऱ्या कुणाचे असते तर तिनं त्यांना नावं ठेवली असती, गेटपाशी उभं राहून, तोंडभर.

“बसा जेवायला,” ती म्हणाली. सगळे बसले. ती बसली नाही.

“कमल त्या दिवशी वर आली होती,” ती म्हणाली. “जिन्याच्या वळणापर्यंत. मी तिला पाहिलं. तिनंही मला पाहिलं. मी तिला आत बोलावलं नाही, तोंड फिरवून आत आले. आणि आज ती मला सांगते की ती शीवला होती.”

श्रेयाचा घास हातातच राहिला. दत्ताराम भाकरी मोडत होता, तो थांबला. “बरं मग? आता ते कशाला उकरून काढतेस? झालं ते झालं. माणसाकडून होतं.”

“तिच्या घराचा विषय वगळायचा हेही माझ्याच घरात ठरलं. मी मान हलवली.”

“शैला, नाव वर गेलंय. मी साहेबांना काय सांगू? आता काही गडबड केलीस तर मला उद्याच कुठेतरी उन्हात उभं करतील, कळतंय का तुला?”

“कळतंय. करतील.”

“आई,” श्रेया हळूच म्हणाली, “बस ना तू. जेव आधी.”

शैलानं तिच्याकडे पाहिलं नाही. भाऊंच्या वाटीत आमटी कमी होती, ती तिनं भरली.

“सोमवारी मी जाणार नाही,” ती म्हणाली. “रविवारी सकाळी खाली मैदानात बायका परत बसतील. उघड्यावर. एकेका दारी मी स्वतः जाऊन सांगणार आहे, पहिलं कमलच्या, मग वैशालीच्या. कोण जाणार ते तिथं हात वर करून ठरेल, आणि कमलच्या घराचा विषय सगळ्यात आधी राहील. मी उभी राहणार नाहीये.”